गुण्यात न बसणारा कोपरा

विडी घरकुलच्या मागं, जिथं गल्ली
मागाच्या शेडला वळसा घालताना अंग चोरते,
तिथं यल्लव्वा चिप्पाची जागा.
पुढं अकरा फूट, मागं सहा,
आणि एक बाजू कुणाचंच न ऐकणारी.

मलकारी मिस्त्रींनी गुण्या लावला.
एक पाय दोरीला टेकला,
दुसरा गल्लीत जाऊन उभा राहिला.
"सरळ घेतो," मिस्त्री म्हणाले, "दोन फूट जातील."
सुपातली विडी वळता वळता, मान वर न करता
यल्लव्वा म्हणाली,
"दोन फूट म्हणजे माझी चूल.
सरळ बांधा, आन् मी काय गुण्यावर भाकरी थापू?"

मी तेव्हा सोळाचा, हाताखालचा.
विटा भिजवायच्या, माल कालवायचा,
ओळंबा हलला की शिव्या खायच्या.

पहिला थर कोरडाच मांडला.
अख्खी, अख्खी, पाऊण, अद्धा.
वर दुसरा. सांध्यावर सांधा आला.
उचलल्या. पुन्हा मांडल्या. पुन्हा तेच.
"सांधमोड होत नाय बे," मिस्त्री पुटपुटले,
"दोन भिंती नुसत्या टेकून उभ्या ऱ्हातील,
एकमेकीत शिरणार नायत.
मे महिना येऊ दे,
ह्या फटीतून मांजर जाईल."

बारा वाजले. विटांच्या ढिगाला हात लावला तर चटका.
यल्लव्वा उठली, सूप बाजूला ठेवलं,
ओल्या फडक्यातलं एक तेंदूपान घेतलं
आणि दोन दोऱ्या मिळत होत्या तिथं धरलं.
कात्री एकदाच चालली.
रोज हजार पानं पत्र्याच्या मापावर कापणाऱ्या बाईला
कोन काय सांगायचा?

मिस्त्रींनी पान विटेवर ठेवलं,
खिळ्यानं कडेनं ओरखडा ओढला,
थापीच्या धारेनं तीन टोले.
वीट तिथंच तुटली.
कोपऱ्यात अशी बसली,
जणू भट्टीतूनच तशी आली होती.
मिस्त्री म्हणाले, "हं."
त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक
मी नंतरही कधी ऐकलं नाही.

तीनपर्यंत पान सुकून आकसलं,
आणि त्याच्या नादानं पाच विटा वाकड्या तुटल्या.
शिवी पानाला द्यावी की उन्हाला, कळेना,
म्हणून मला दिली.
मग यल्लव्वानं तेलाचा डबा फोडला,
पत्र्याचा फर्मा कापला,
आणि बोट कापलं म्हणून कुणाला सांगितलं नाही.
पत्र्याच्या कडेला लाल दिसलं, तेव्हा कळलं.

गल्लीकडचं टोक मात्र मिस्त्रींनी तासून बोथट केलं.
"लई टोकदार ठेवली तर पहिल्या सायकलीला नाक जातं.
आपणच आधी थोडं काढून ठेवावं."
माझ्याकडं बघून म्हणाले. मी माल कालवत राहिलो.

मागच्या भिंतीला त्यांनी दाते सोडले,
थराआड अर्धी वीट बाहेर.
"पोरगी मोठी झाली की खोली जोडाल.
जुन्या भिंतीत नवी घुसायला जागा पायजे."

आता मीच मिस्त्री. अक्कलकोट रोडला परवा
साइटवरच्या पोरानं मोबाईल कोपऱ्याला लावला,
आकडा वाचला, मला म्हणाला, बरोबर आहे ना?
मला आकड्यातलं कळत नाही.
मी पिशवीतला गंजका पत्रा काढला,
त्या कोपऱ्याला तो लागला नाही. लागणार कसा?
तो एकाच कोपऱ्याचा आहे.

कधी त्या गल्लीतून जातो.
लोक म्हणतात, गुण्यागोविंदानं नांदावं.
ती भिंत गुण्याशिवाय नांदते आहे,
बत्तीस उन्हाळे, एक तडा नाही.
बोथट नाकाला रिक्षांचे रंग लागलेत, पिवळे, काळे.

पोरगी भिवंडीला दिली. खोली झाली नाही.
दाते तसेच.
एकात दंतमंजनाची डबी, एकात फणी,
आणि सगळ्यात वरच्यात,
हात पुरेल तिथं,
यल्लव्वाची कात्री.